कठड्याचा पहिला खांब

सासूबाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्याला सुनेने सकाळी धुतलेल्या पायऱ्याच कारण, हे घरात पहिल्याच दिवशी ठरून गेलं. तसं कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. रुग्णवाहिकेत घालताना सासूबाई कण्हत एवढंच म्हणाल्या होत्या, "पायऱ्या ओल्या होत्या." पुढचं सगळं नणंदेने केलं. तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन करून ही बातमी पोचवली, आणि प्रत्येक फोनगणिक पायऱ्यांवरचं पाणी वाढत गेलं. शेवटच्या फोनपर्यंत त्यात साबणाचा फेसही आला होता.

"स्वच्छता असावी गं, पण म्हातारं माणूस घरात असताना इतकी?" नणंद सुनेला म्हणाली.

"ताई, मी पहाटे धुतल्या होत्या. आई उतरल्या तेव्हा ऊन आलं होतं."

"मग काय आई खोटं बोलते?"

 सुनेने रुग्णालयात न्यायच्या डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात दाबलं.  

घर वरच्या मजल्यावर होतं. खाली एका छापखान्याचं कागदाचं गोदाम आणि त्याला लागून रस्त्यावरून थेट दारापर्यंत चढणारा दगडी जिना. जिन्याच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा. सासरे होते तेव्हाची गोष्ट. ते एका कारखान्यात लेथवर कामाला होते. गावातलं एक जुनं नाट्यगृह पाडत होते, तिथून त्यांनी हा कठडा तुकड्यातुकड्यांनी हातगाडीवर घालून आणला आणि सुट्टीच्या दिवशी एकट्याने बसवला. ते गेल्यावर सासूबाई दरवर्षी त्याला स्वतः रंग द्यायच्या. रंग हिरवाच, आणि हात त्यांचाच. दुसऱ्या कोणाला ब्रश धरू द्यायच्या नाहीत. रंग दिल्यावर चार-सहा महिने कठडा झकास दिसायचा, मग कुठेतरी फोड यायचा, फोड फुटून गंजाचे ओघळ यायचे, आणि पुढच्या वर्षी त्या ओघळांवर पुन्हा हिरवा रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा. कपड्यांना तांबडे डाग पडतात म्हणून घरातले बाकी सगळे भिंतीच्या बाजूने जिना चढायचे. कठडा धरणाऱ्या एकट्या सासूबाईच.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस इथेच व्यायाम करून घेऊ, मग घरी न्या. पण जिना आहे म्हणता, तर धरायला भक्कम काहीतरी हवं.

नवऱ्याने लगेच उपाय काढला. "हा गंजका सापळा कापून टाकू. स्टीलचा पाइप बसवू. चकचकीत, देखभाल शून्य."

त्याने हे आईच्या खाटेशी उभं राहूनच सांगितलं, ही त्याची चूक झाली. सासूबाई उशीवरून मान उचलून म्हणाल्या, "मी जिवंत आहे तोवर त्या कठड्याला कोणी करवत लावायची नाही." आणि वेदनेने डोळे मिटून घेतले. नवरा गोरामोरा झाला. आई आणि बायको, डॉक्टर आणि कठडा, अशा चहूबाजूंच्या पेचात सापडला की तो नेहमी जे करायचा तेच त्याने केलं. म्हणजे काहीच केलं नाही.

सुनेने मात्र दुसऱ्या दिवशी कामावरून रजा घेतली.

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर घासणं, कोरणं, पुन्हा घासणं. एका दाढेची कड लागते म्हणून माणूस जेवायचा थांबतो, हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे 'चालतंय तेवढं' हा शब्द तिच्या कामात नव्हता. तिने विचार केला, कठडा कापायचा नाही आणि सासूबाईंनी धरायचा तर तो स्वच्छ हवा आणि भक्कम हवा. गंज काढायला हवा. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला त्या दिवसांत काहीतरी खरवडायला हवंच होतं. माणसांना खरवडता येत नाही.

तिने कामावरचा चष्मा आणि मास्क आणला, जाड हातमोजे चढवले, हार्डवेअरच्या दुकानातून तारेचे ब्रश, रंग खरवडायची पट्टी, पॉलिश पेपर आणि प्रायमरचा डबा आणला. खाली जुनी चादर अंथरली. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून ती आधी पाणी शिंपडायची आणि मग खरवडायची, म्हणजे धूळ उडत नव्हती. सगळ्यात वरच्या खांबापासून तिने सुरुवात केली.

हिरवा रंग पापुद्र्यापापुद्र्याने निघाला. त्याखाली अजून हिरवा. त्याखालीही हिरवाच. सासूबाईंची सगळी वर्षं एकावर एक चढली होती. हातोडीने हलके ठोके दिले की गंजाच्या खपल्या सुटून चादरीवर पडत. मग ब्रश. खांद्यात कळ येईपर्यंत ब्रश, मग हात बदलून पुन्हा ब्रश. दुपारपर्यंत जेमतेम एक खांब आणि दोन गज झाले. पण त्या दोन गजांच्या मधोमध जो रंगाचा गोळा होता, कठडाभर असलेल्या ज्या गोळ्यांना घरात सगळे 'बटाटे' म्हणत त्यांतलाच एक, तो कोरता कोरता सुनेचा हात थांबला. आत पानं होती. घणाने ठोकून पातळ केलेली, कडेला किंचित मुडपलेली पानं, आणि प्रत्येकावर मधली शीर. तिने घरातून कवळीच्या कामाच्या कोरण्या आणल्या आणि त्या शिरा एकेक करून मोकळ्या केल्या.

नवरा संध्याकाळी आला तो खालीच थबकला. "कठड्याला कवळी बसवतेस की काय?"

"बसव म्हणालास तर बसवीन. ब्रश घेतोस?"

"उद्या," तो म्हणाला आणि भिंतीला चिकटून वर गेला.

अंधार पडेपर्यंत तिने वरचे दोन खांब लख्ख केले. राखाडी, चमकदार, नुकत्याच घडवल्यासारखे. सकाळी उठून चहाचा कप घेऊन ती कौतुकाने बघायला बाहेर आली, आणि बघते तो काय, सगळ्यावर नारिंगी धूळ. रात्रीच्या दवाने उघड्या लोखंडावर पुन्हा गंज धरला होता. तिने कप तसाच पायरीवर ठेवला. मग प्रायमरचा डबा उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. गंज काढल्यावर थिनरने पुसून त्याच दिवशी पहिला हात द्यावा, असं तिथे छापलेलंच होतं.

"काखेत कळसा," ती स्वतःशीच म्हणाली आणि वरच्या खांबाशी पुन्हा गुडघे टेकले.

त्यानंतर तिने पद्धत बदलली. सकाळी जेवढं खरवडायचं तेवढंच, ऊन उतरायच्या आत ते पुसून, कोरडं करून त्यावर प्रायमर. उरलेल्याला हात लावायचा नाही. वेग कमी झाला पण केलेलं काम टिकू लागलं. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पट्ट्या बांधल्या. गोदामातला हमाल येता-जाता विचारायचा, "वहिनी, अजून आहेच का?" आणि ती म्हणायची, "माझाही जीव अजून आहेच." नणंद फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होतीच. "इतकी रजा आईपाशी बसायला घेतली असतीस तर?" सून म्हणाली, "ताई, आईंपाशी तुम्ही आहात. कठड्यापाशी कोणी नाही."

असं करत करत ती एकेक पायरी खाली उतरत शेवटच्या खांबाशी आली. खालून चढायला लागलं तर तोच पहिला. सगळ्यात जाड, डोक्यावर लोखंडी कळी असलेला. सासूबाई पडल्या त्या तिथेच, शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर.

या खांबाच्या बुंध्याशी रंग फारच जाड होता. सुनेने पट्टी लावली, आणि ती खरवडायच्या ऐवजी सरळ आत घुसली. लोण्यात सुरी जावी तशी. तिने चमकून बाहेर काढली. पट्टीला लोखंडाचा गंज नव्हता, पांढरट भुगा होता. भिंतीच्या भेगा बुजवायला वापरतात ती लांबी. तिने कोरणीने अजून उकरलं. लांबीच्या आत चिंधी होती, गच्च कोंबलेली. चिंधी ओढून काढली तर आत खांबच नव्हता. बोटाएवढा गंजाचा काटा उरला होता आणि तोही मधोमध तुटलेला. तुटल्याची जागा ताजी होती. बाहेरच्या हिरव्या रंगाला सभोवती केसासारखी चीर गेली होती, ती आजवर कोणाला दिसली नव्हती, कारण कोणी तिथे वाकून पाहिलंच नव्हतं.

सून उठली. तिने खांबाची कळी धरून बाहेरच्या बाजूला जरा भार दिला. खांब झुकला, आणि सोडताच पुन्हा जागेवर आला. निष्पापपणे.

ती पायरीवर बसली. म्हणजे सासूबाई घसरल्याच नव्हत्या. त्यांनी खांबावर भार टाकला आणि खांबाने दगा दिला. आणि या भोकात चिंधी कोंबून, लांबी भरून वर रंग कोणी लावला असेल? या कठड्याचा ब्रश कोणाच्या हातात असायचा?

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि फास कोणी विणला तेही आता समोर होतं.

तिने नवऱ्याला फोन करून बोलावलं. तो आला, वाकून पाहिलं, खांब हलवला, आणि त्याचा चेहरा उतरला. "तुला आम्ही उगाच..." तो म्हणाला आणि कळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "पण आत्ता आईला काही विचारू नकोस. आजारी आहे."

"हाड मोडलंय त्यांचं, कान नाही. मी विचारणार."

रुग्णालयात त्या वेळी सासूबाई एकट्याच होत्या. व्यायाम करून दमून पडल्या होत्या. सुनेने खुर्ची ओढली. तिने मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"आई, तुम्ही घसरला नव्हता. खांब हलला."

सासूबाईंनी छताकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "उकरलास का तो?"

"चिंधी मिळाली. तुमच्या जुन्या उशीच्या अभ्र्याची."

"दोन वर्षं झाली. आधी थोडाच हलायचा." आवाज एकदम बारीक झाला होता. "सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्याने त्याच दिवशी कापून भंगारात घातला असता. त्याला कापाकापीची भारी हौस. मला वाटलं, मी एकटीच तर धरते. जपून धरीन."

"आणि पायऱ्या?"

"ते... पडले तेव्हा तोंडातून निघून गेलं. खरंच निघून गेलं गं. मला वाटलं, कठड्याचं नाव घेतलं तर मी घरी यायच्या आत तो जाईल. मग तुझी नणंद सुरू झाली. एकदा गाव पेटल्यावर काडी माझी होती म्हणून कसं सांगायचं?"

"तसंच सांगायचं. काडी माझी होती, म्हणून."

"लेकीसमोर?"

"लेकीसमोरच. तिने सगळीकडे सांगितलंय."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.  सून उठली. तिच्या हातावरच्या पट्ट्या सुटत आल्या होत्या, त्या तिने दाबून बसवल्या.

"कठडा मी वाचवतेय," ती म्हणाली. "पण तुम्हाला खूश करायला नाही. आत पानं आहेत त्याच्या, ती तुम्हीसुद्धा कधी पाहिली नसतील. चांगली वस्तू आहे, म्हणून वाचवतेय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

सासूबाईंनी पांघरूण मानेपर्यंत ओढून घेतलं.

वेल्डर दुसऱ्या दिवशी आला. खांबाचा बुंधा पाहून तो हसला. "ताई, याला आता श्रद्धांजली. नवा पाइप टाका, अर्ध्या दिवसात मोकळे."

"मोकळं व्हायचं नाहीये मला. कुजलेलं तेवढं कापा, खाली नवा चौकोनी गज जोडा, आणि दगडात पक्का बसवा."

"जुनं लोखंड आहे. जोड धरेल, पण आधी सगळं उघडं करावं लागेल. वरपर्यंत. त्यात वेळ जातो, आणि मला आज दोन शटरं आहेत."

"किती वरपर्यंत ते सांगा. तुम्ही शटरं करून या. तोवर मी उघडं करून ठेवते."

वेल्डरने तिच्याकडे, मग वरपर्यंत गेलेल्या राखाडी प्रायमरच्या कठड्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "हे सगळं हाताने?"

"नाही, दाताने."

तो मोठ्याने हसला आणि खडूने खूण करून गेला. परत आला तेव्हा खुणेच्याही वर वीतभर लोखंड स्वच्छ निघालं होतं. त्याने कुजका भाग कापला, नवा गज जोडला. दगडातलं भोक नवऱ्याने छिन्नीने मोकळं केलं. होय, नवऱ्याने. आदल्या रात्री तो फारसा जेवला नव्हता, आणि सकाळी न सांगता जुने कपडे घालून खाली आला होता. त्याला छिन्नी धरता येत नव्हती, दोनदा अंगठ्यावर हातोडी बसली, पण तो उठला नाही. खांब उभा करून भोकात सिमेंटचा मसाला भरला, काटकोनात लाकडं बांधून आधार दिला, आणि तो सुकेपर्यंत कोणी कठड्याला टेकू नये म्हणून त्याने वर-खाली दोरी ताणली. जोडावर सुनेने कानस फिरवली. बोट फिरवल्यावर कड लागली नाही, तेव्हाच तिने प्रायमरचा ब्रश उचलला.

सासूबाई घरी आल्या तेव्हा दोरी सुटली होती. कठड्यावर अजून रंग नव्हता, नुसता प्रायमर. नणंद त्यांना घेऊन आली होती. गाडीतून उतरून, चार पायांची काठी टेकत सासूबाई पहिल्या पायरीशी आल्या. गोदामाचा हमाल गठ्ठा खाली ठेवून उभा राहिला. वरच्या पायरीवर सून, खाली नवरा.

नणंद म्हणाली, "आज तरी पायऱ्या कोरड्या आहेत ना?"

सासूबाई थांबल्या. एक दीर्घ श्वास घेतला. मग, रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पायऱ्या त्या दिवशीही कोरड्याच होत्या."

"काय?"

"कोरड्या होत्या. खांब कुजला होता. मला माहीत होतं आणि मी लपवलं होतं. खांब हलला, मी पडले, आणि हिच्यावर ढकललं." त्यांनी काठीनेच वर सुनेकडे दाखवलं. "आता तू ज्यांना ज्यांना फोन केलेस ना, त्या सगळ्यांना परत कर. साबणाच्या फेसापर्यंत सगळं मागे घे. माझं नाव घालून."

नणंदेने हातातला फोन हळूच पर्समध्ये टाकला. नवरा पायाकडे बघू लागला. हमालाने मात्र गठ्ठा उचलायची काही घाई केली नाही.

सुनेला वाटलं होतं की हे ऐकलं की तिला फार बरं वाटेल. बरं वाटलं, पण त्याहून जास्त तिला सासूबाईंच्या थरथरणाऱ्या मांडीची काळजी वाटली. ती दोन पायऱ्या उतरली. "चांगला पाय आधी वर, आई. मग दुखरा."

"शिकवलंय मला तिथे." पण सासूबाईंनी लगेच पाय टाकला नाही. त्यांनी कळी धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खांब हलवून पाहिला. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. खांब ढिम्म. मग चांगला पाय वर. मग दुखरा. सून पुढे, नवरा मागे, आणि नणंद काठी हातात घेऊन सगळ्यांत शेवटी. मध्यावर आल्यावर सासूबाई दम घ्यायला थांबल्या आणि त्यांची नजर गजांमधल्या पानांवर गेली. त्यांनी बोट लावून पाहिलं.

"हे बटाटे नव्हते होय?"

"नाही. पानं आहेत."

"आणि मी इतकी वर्षं त्यांच्यावर रंग थापत बसले." थोडं हसू आलं त्यांना. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "ते असते तर मला बोलले असते."

"मीही बोलणार आहे. वर चला आधी."

रंगावरून मग व्हायचं ते भांडण झालंच. सासूबाईंना हिरवा हवा होता, सुनेला काळा, आणि नवऱ्याने 'दोन्ही चांगले' म्हटल्यामुळे दोघींनीही त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. शेवटी गडद हिरवा ठरला, पण पातळ हात, दोनच, आणि पहिला सुकल्याशिवाय दुसरा नाही, या अटीवर. सासूबाई वरच्या दारात खुर्चीवर बसून जवळची पानं रंगवायच्या. ब्रशला जास्त रंग लागला की सून नुसती खाकरायची, आणि सासूबाई चिडून ब्रश डब्याच्या काठावर निपटायच्या.

नणंदेचा फोन चार दिवसांनी आला. ती सुनेशी बोलली. माफी वगैरे तिच्या तोंडून निघाली नाही. तिने विचारलं, "आमच्या गच्चीच्या दाराला गंज आलाय. तो कसा काढायचा?"

"आधी बुंध्याशी टोचून बघा, ताई," सून म्हणाली. "आणि हातमोजे घाला. मी रविवारी येते, पण ब्रश तुम्हालाही धरावा लागेल."